ह्यूस्टनच्या परसात भाजलेला राब

अमेरिकेहून परत आल्यापासून किन्हवलीच्या बाजारात मेथीची एक जुडी घ्यायला मला अर्धा तास लागतो. भाजीवाली विचारते, बाई, कशी हाय अमेरिका? मी तोंड उघडेपर्यंत तीच सांगते की मोठी असेल. चहाच्या टपरीवरचे म्हातारे विचारतात, तिकडे शेण मिळतं का. याचं उत्तर माझ्याकडे आहे, पण त्याला वेळ लागतो आणि तोवर त्यांचा चहा संपतो. मी शहापूर तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमध्ये एकोणतीस वर्षं शिकवलं. अर्धवट उत्तराला गुण नाहीत, असं वर्गात बजावत आले. तिकडे जाऊन मी स्वतःच एक अर्धवट उत्तर दिलं, तेही यात येईल. म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहून काढते.

आम्ही गेलो ते मनीषाकडे, म्हणजे आमच्या एकुलत्या एका मुलीकडे. ह्यूस्टन शहराच्या पश्चिमेला, शहरापासून गाडीने पाऊण तासावर ती राहते. जावई अमोल मूळचा कल्याणचा, त्यामुळे तांदूळ गोणीत पिकतो अशी त्याची समजूत आहे. नात सई, पाच वर्षांची. आणि माझ्यासोबत भाऊ, म्हणजे माझे यजमान. सगळं गाव त्यांना भाऊ म्हणतं, मुलगीही भाऊच म्हणते, म्हणून लिहिताना मीही तसंच म्हणते. समोर मात्र 'अहो' ठरलेलं आहे. भाऊंची किन्हवलीला चार एकर भातशेती आहे आणि वय एकाहत्तर आहे. यातलं पहिलं ते सगळ्यांना सांगतात, दुसरं कोणालाच सांगत नाहीत.

निघायच्या आधी दोन गोष्टी अडकून होत्या. शहापूरचा एक प्लॉटवाला वर्षभर आमच्या ओटीवर चहा पीत होता. त्याला आमची चार एकरं बंगल्यांच्या प्लॉटसाठी हवी होती. आणि तिकडे मनीषा मोठं घर बांधून घ्यायचं म्हणत होती, त्यात खाली एक खोली फक्त आमच्यासाठी, न्हाणीघरात धरायला दांडे लावलेली. तिचं म्हणणं सरळ होतं. शेत देऊन टाका, कायमचे इकडे या. खालची खोली हवी की नको, हे बिल्डरला एप्रिलच्या शेवटच्या शुक्रवारपर्यंत सांगायचं होतं. भाऊ दोघांनाही एकच उत्तर देत होते, की जाऊन आल्यावर सांगतो.

मला ती खोली हवी होती. खोटं कशाला बोलू? सईला मी पाच वर्षं फोनच्या काचेतून वाढताना पाहिलं होतं.

मार्च: सपाट मुलुखात

पहिल्याच दिवशी लक्षात आलं की इथे डोंगर नाही. कमी आहेत असं नव्हे, एकही नाही. आमच्याकडे कुठेही चुकलं तरी मान वर करायची, माहुली दिसतो, मग घर कुठे ते कळतं. इथे मान वर केली की नुसतं आभाळ, आणि तेही इतकं मोठं की कोणीतरी वरचं छप्पर काढून नेल्यासारखं वाटतं. त्यात घरं सगळी एकाच साच्यातली. विटेचा रंग तोच, दार तेच. घराचं तोंड म्हणजे गाडीचा गोठा, माणसांचं दार बाजूला कोपऱ्यात. प्रत्येक ओट्यावर दोन झुलत्या खुर्च्या. दोन महिन्यांत त्या खुर्च्यांवर मी माणूस बसलेला पाहिला नाही. आमच्याकडे ओट्यावर खुर्ची नसते आणि माणसं उठत नाहीत.

तिसऱ्या दिवशी मी फिरायला गेले आणि चुकले. चार वळणं घेतली आणि पाचव्या वळणावर पुन्हा पहिलंच घर. मी रस्त्याच्या कडेला उभी राहिले तर एक गाडी थांबली, काच खाली झाली आणि एका बाईने काळजीने विचारलं, तुम्ही ठीक आहात ना? मी म्हटलं, वॉकिंग. तिला ते पटेना. ती हळूहळू गाडी चालवत माझ्या बाजूने दोन गल्ल्या आली. पायी चालणारा माणूस म्हणजे ज्याची गाडी बिघडली आहे असा माणूस, हे मनीषाने घरी आल्यावर समजावलं. दूध आणायचं तर गाडी, सईची शाळा समोर दिसते तरी गाडी, आणि व्यायामाला चालायचं असेल तर गाडीने व्यायामशाळेत जाऊन तिथल्या पट्ट्यावर चालायचं.

दुकानं मात्र बघावीत. पहिल्या रविवारी आम्हाला एका दुकानात नेलं तेव्हा भाऊंनी हात मागे बांधले आणि मुरबाडकडच्या म्हशाच्या जत्रेत बैल बघत फिरावं तसे ते फिरायला लागले. प्रत्येक वस्तूला हात लावून, मान हलवून पुढे. एका ठिकाणी मात्र ते थांबले ते थांबलेच. प्लास्टिकच्या चकचकीत पिशवीत शेणखत, पिशवीवर गायीचं हसरं चित्र. भाऊंनी वाकून वास घेतला आणि म्हणाले, या शेणाला वास नाय. ते त्यांना फार लागलं. बिनवासाचं शेण देणाऱ्या गायीची तब्येत कशी असेल, हा विषय घरी येईपर्यंत चालला. तरी पिशव्या दोन घ्यायला लावल्याच, सईच्या फुलझाडांसाठी म्हणून.

खाण्याचे हाल झाले असं म्हणणार नाही. तांदळाच्या पिठापासून सुकटीपर्यंत सगळं देशी दुकानात मिळतं. हाल झाले ते सुकट भाजताना. तवा तापला, वास सुटला आणि छतावरचं गोल यंत्र असं काही किंचाळायला लागलं की सई कान धरून टेबलाखाली गेली. अमोल वरून धावत आला आणि टॉवेल घेऊन छताला वारा घालू लागला. इथे धुराला फार घाबरतात, एवढा धडा त्या दिवशी आम्हाला मिळाला होता. मी तो शिकले. भाऊ शिकले नाहीत.

एप्रिल: पानांच्या पिशव्या

या वसाहतीच्या नावात 'कुरण' या अर्थाचा शब्द आहे. गाय मात्र गायीच्या चित्राखेरीज दिसली नाही. आपल्याकडे तरी काय, शहापूरच्या रस्त्यावर ज्या स्कीमच्या पाटीवर जंगलाचं नाव, तिथलं जंगल नुकतंच तोडलेलं असतं. तर या कुरणाची एक कमिटी आहे. ती दिसत नाही, पत्र पाठवते. कचऱ्याचा डबा रस्त्यावरून दिसला, पत्र. गवत चार बोटं वाढलं, पत्र. गवत वाळलं तरीही पत्र. त्यामुळे गवताला रोज पहाटे जमिनीतून कारंजी उडतात, आणि ती यंत्रावर असल्याने धो धो पाऊस पडत असतानाही उडतात. आमच्या डोळ्यांसमोरून भातसा धरणाचं पाणी मुंबईला जातं आणि एप्रिलमध्ये आम्ही टँकरची वाट बघतो. त्या पावसातल्या कारंज्यांपुढे भाऊ छत्री घेऊन बराच वेळ उभे राहिले. 

भाऊंचा इथला उद्योग म्हणजे माती. सकाळी बाहेर पडायचं, कोणाच्याही अंगणापुढे उकिडवं बसायचं, गवताच्या कडेची चिमूटभर माती काढून बोटांत चुरायची. दाराच्या घंटीत कॅमेरे असतात, हे आम्हाला कोण सांगणार? एके दिवशी मनीषाच्या फोनवर वसाहतीच्या ग्रुपवरचा फोटो आला. धोतर, डोक्याला मफलर, उकिडवा बसलेला म्हातारा, आणि खाली प्रश्न, हा इसम कोणाच्या ओळखीचा आहे का? मनीषाने कपाळावर हात मारून लिहिलं, माझे वडील आहेत, माती बघतात. त्यावर कोणीतरी अंगठा उंचावला म्हणे.

त्या फोटोबद्दल भाऊंना काहीच वाटलं नाही. ते वेगळ्याच तंद्रीत होते. चिखलाचे हात धुता धुता मला म्हणाले, "काळी चिकट माती हाय. पाणी धरते. ही भातजमीन हाय गो, मी सांगतो तुला."

मनीषा म्हणाली, भाऊंना सगळीकडे भातच दिसतं. अमोल म्हणाला, इथे तर पहिल्यापासून घरंच आहेत. तो या घरात आला त्याला तेव्हा सहा वर्षं झाली होती.

त्याच दिवसांत इथल्या ओक झाडांची पानगळ सुरू झाली. आपल्याकडे चैत्रपालवी फुटते तेव्हा ही झाडं जुनी पानं टाकतात. लोक ती पानं गोळा करतात, कागदी पिशव्यांत भरतात, पिशव्यांची तोंडं नीट दुमडून रस्त्याकडेला ठेवतात आणि दर बुधवारी गाडी येऊन ती घेऊन जाते. भाऊंनी पहिला बुधवार बघितला. दुसऱ्या बुधवारी ते बेचैन होते. तिसऱ्या बुधवारी, गाडी यायच्या आधी, परसात पानांच्या अकरा पिशव्या होत्या. मी विचारलं तर म्हणाले, टाकून देत होते. मनीषाला सांगायची गरज नाय.

गावच्या माणसाला इथेच पुढचं कळलं असेल. बाकीच्यांसाठी सांगते. शहापूर-मुरबाडकडे भाताचं रोप टाकायची जागा पावसाआधी भाजून काढतात, त्याला राब म्हणतात. खाली शेण, त्यावर झाडाचा टहाळ आणि पाचोळा, त्यावर गवत, आणि वरून चाळलेल्या मातीचा पातळ थर. मग वाऱ्याच्या उलट बाजूने पेटवायचं, म्हणजे भडका न होता जमीन सावकाश भाजते. तणाचं बी मरतं, राखेचं खत होतं, आणि त्या काळ्या चौकोनात रोप असं तरारून येतं की बघत राहावं. चैत्र-वैशाखात आमच्या गावावर या धुराचा वास असतो. ज्या घराचा राब झाला नाही, त्या घराला काही दुखणं आहे काय, असं शेजारी विचारतात. पन्नास वर्षांत भाऊंचा एकही राब चुकला नव्हता. यंदाचा चुकत होता.

राब

तो मंगळवार होता. मनीषा ऑफिसला गेली होती, सई शाळेत. अमोल माडीवर कानाला यंत्र लावून मीटिंगमध्ये. मी भाकरी थापत होते. खिडकीतून धूर दिसला आणि मला, देवाशप्पथ सांगते, घरी असल्यासारखं वाटलं. एक क्षण बरं वाटलं. मग हातातली भाकरी परातीत पडली.

परसात, मनीषाच्या जपलेल्या हिरवळीच्या मधोमध, सहा हात लांब नि सहा हात रुंद असा देखणा राब लागला होता. एका बाजूला पाण्याची बादली, आणि भाऊ हातात ओली डहाळी घेऊन कडेने फिरत होते, ठिणगी उडाली की चापटत. धोतर खोचलेलं, पाय अनवाणी, चेहऱ्यावर दोन महिन्यांत न दिसलेलं समाधान. मला बघून म्हणाले, वारा मस्त हाय.

मी काही बोलायच्या आत रस्त्यावर भोंगा वाजला. एवढी मोठी लाल गाडी आमच्या तालुक्यात कोणी बघितली नसेल. तिच्यातून शिरस्त्राणं घातलेली पाच धिप्पाड माणसं उतरली आणि कुंपणाच्या फाटकातून आत आली. भाऊंना वाटलं, हात लावायला आली. गावात राब लावला की शेजारी येतातच. त्यांनी आनंदाने एकाच्या हातात डहाळी दिली. त्या भल्या माणसाने ती घेतलीही. दुसऱ्याने नळी सुरू केली, आणि पन्नास वर्षांचा अनुभव एका मिनिटात विझला.

ती माणसं सज्जन होती. त्यांनी भाऊंना पाणी प्यायला दिलं, माझ्याकडून सगळं समजून घेतलं. माझं इंग्रजी चौथीच्या पुस्तकापर्यंतचं, त्यात राबाला शब्द नव्हता. मी सांगितलं, राइस बेबी, बिफोर रेन, वी कुक द ग्राउंड. त्यांच्यातल्या साहेबांनी ते लिहून घेतलं. अमोल खाली आला तेव्हा सगळं संपलं होतं. इतका वेळ तो कोणालातरी प्रकल्पातले धोके समजावत होता.

संध्याकाळी मनीषा आली, परसातला काळा चौकोन बघितला आणि पायरीवर बसली. मला वाटलं आता रडेल. तिने नाकाने वास घेतला आणि म्हणाली, किती वर्षांनी. मग रडलीच. दुसऱ्या दिवशी कमिटीचं पत्र आलं.

आणि पत्रापाठोपाठ रॉयसाहेब आले. नाव ऐकून मला वाटलं कोणी बंगाली असतील. निघाले सहा फुटी गोरे, ऐंशीच्या घरातले, डोक्यावर गवती टोपी. मागच्या गल्लीत एकटेच राहतात. तक्रार करायला आले असतील म्हणून मी माफी तयार ठेवली होती. ते सरळ परसात गेले, काळ्या चौकोनापाशी एक गुडघा टेकला आणि बोटांत राख चुरली. भाऊंनी माझ्याकडे असं बघितलं की माझ्या अंगावर काटा आला.

मग ते सावकाश बोलले, अडलं तिथे हातांनी दाखवलं, आणि मी भाऊंना मराठीत सांगत गेले. ही सगळी वसाहत म्हणजे भातशेती होती. मैलोन् मैल. रॉयसाहेबांच्या वडिलांनी इथे भात केलं, मग त्यांनी केलं. तेही कापणीनंतर खुंट जाळायचे, म्हणून कालच्या धुराचा वास ओळखला आणि आज कुंपणं बघत बघत इथवर आले. आमच्या मागच्या भिंतीलगत त्यांचा पाट होता. वसाहतीचा पोहण्याचा तलाव आहे तिथे त्यांचा पंप होता. मग शहर वाढत आलं, प्लॉटवाले आले. त्यांनी जमीन दिली, आणि तिच्यावर बांधलेल्या घरांतलंच एक घेतलं.

भाऊंनी माडीवरच्या अमोलच्या खिडकीकडे विजयी मुद्रेने बघायला हवं होतं. बघितलं नाही. मला म्हणाले, "जमीन इकून बरं वाटलं का, इचार त्यांना."

मी विचारलं. रॉयसाहेब खाली बघत बोलले. म्हणाले, बरं वाटलं. घर चांगलं मिळालं, गुडघ्यांना आराम मिळाला, बायकोच्या शेवटच्या वर्षांत दवाखाना जवळ पडला. पण अजून पहाटे पावसाचा आवाज आला की मी उठतो आणि बूट शोधतो. बांध बघायला जायचं असतं. बूट सापडत नाहीत, मग आठवतं.

शुक्रवार दोन दिवसांवर होता. मी भाऊंना सांगितलं, म्हणतात बरं वाटलं, घर चांगलं मिळालं, दवाखाना जवळ पडला.

"बूट काय म्हनले?" भाऊंनी विचारलं. बूट हा शब्द तिकडेही बूटच आहे, हे मी विसरले होते.

मी म्हटलं, तुमचे बूट चिखलाने भरले, ते धुवा म्हणतात.

भाऊंनी मान हलवली. रात्री जेवताना, आमटीत भाकरी मोडत, मनीषाला म्हणाले, घे ती खालची खोली. मनीषा उठून त्यांच्या गळ्यात पडली. सईने टेबलाभोवती दोन फेऱ्या मारल्या. मला हवं ते सगळं झालं होतं आणि मी माझी भाकरी तशीच झाकून ठेवली.

अर्धवट उत्तर

ती रात्र मी तशीच काढली. गुरुवारी सकाळी भाऊ फिरायला निघाले तशी मीही निघाले. आम्ही दोघं पायी, आणि दोन गाड्या हळू होऊन आम्हाला न्याहाळून गेल्या. पोहण्याच्या तलावाला कुंपण आहे, बाहेर एक बाक आहे. पाणी निळं, स्वच्छ, आत कोणी नाही. रॉयसाहेबांचा पंप इथे होता.

बाकावर बसून मी सांगून टाकलं. बुटांचं, पहाटेच्या पावसाचं, बांधाचं, सगळं. मी एकोणतीस वर्षं पोरांच्या कॉप्या पकडल्या, आणि या वयात स्वतः खोटं उत्तर लिहिलं. सईच्या लोभाने लिहिलं, हेही सांगितलं.

भाऊ पाण्याकडेच बघत होते. म्हणाले, "मला ठाऊक होतं गो."

मी विचारलं, कसं?

"राब लावताना मी बूट घालतो का कधी? रॉयसाहेब आले तवाही माझे पाय उघडेच होते. बूट होते कुठं धुवायला?"

मग मला राग आला. चोर पकडला तर पकडणाऱ्याने सांगावं तरी. मी म्हटलं, कळलं होतं तर खोलीला हो कशाला म्हणालात?

भाऊंनी मफलर काढून पुन्हा बांधला, जो आधी नीटच होता. म्हणाले, "चाळीस वर्सं तू माझ्या शेतावर राहिलीस. म्हटलं, आता मी तुझ्या खोलीत राहीन."

लग्न होऊन मी मुरबाडहून किन्हवलीला आले तेव्हापासून हा माणूस माझ्याशी इतकं गोड बोलला नव्हता. मी तिथेच, त्या निळ्या पाण्यासमोर, पदर तोंडाला लावून रडले. लगेच एक गाडी थांबली आणि काच खाली झाली. मी हात हलवून सांगितलं, वॉकिंग.

घरी जाऊन मनीषाला मीच सांगितलं, खोली नको. भाऊंना सांगू दिलं नाही, कारण ते पुन्हा हो म्हणाले असते. मनीषा तशीच ऑफिसला गेली. संध्याकाळी म्हणाली, आई, मला माहीत होतं तुम्ही राहणार नाही, पण विचारल्याशिवाय राहवत नव्हतं. सई म्हणाली, मग खालच्या खोलीत कुत्रा ठेवू या का? तेवढ्याने आम्ही हसलो. माझं मन मात्र विमानतळावर सईने माझा हात सोडला तेव्हा जे तुटलं, ते अजून पुरतं सांधलेलं नाही. शेत राहिलं याचा मला आनंद आहे, आणि नात लांब आहे याचं दुःख आहे, आणि दोन्ही एकाच घरात राहतात.

किन्हवली

मे उजाडताच आम्ही आलो. राबाला उशीर झाला होता, पण शेजाऱ्यांनी आमच्या वाट्याचा टहाळ तोडून ठेवला होता. प्लॉटवाला चहाला आला, भाऊंनी त्याला चहा दिला आणि नाही म्हणून सांगितलं. तो अजून येतो. चहा चांगला असतो म्हणतो.

जुलैत लावणी सुरू होती. मी संध्याकाळचा चहा घेऊन बांधावर गेले होते आणि फोन वाजला, तिकडे तेव्हा सकाळ. व्हिडिओवर मनीषा. मोठ्या घराचा बेत तिने सोडला आहे, दोघांना नि सईला आहे तेच पुरतं म्हणाली. आणि पुढच्या जूनमध्ये सईला सुट्टी लागली की ती तिला घेऊन इकडे येणार आहे, लावणीला. मग तिने फोन परसाकडे वळवला.

तो काळा चौकोन आता हिरवा होता. इतका गडद की भोवतीची जपलेली हिरवळ त्यापुढे फिकी दिसत होती. रॉयसाहेबांचा एक भाचा अजून लांब कुठे भात करतो, त्याच्याकडून बी आणून त्यांनी सईच्या हाताने टाकलं होतं. कमिटीचं पत्र आलं होतं का, मी विचारलं. मनीषा म्हणाली, परसात कुंपणापेक्षा उंच काही नको एवढाच नियम आहे, आणि भात काही तेवढं वाढत नाही.

तेवढ्यात रॉयसाहेब फोनसमोर आले. कमरेवर हात, गवती टोपी, आणि पायात गुडघ्यापर्यंतचे रबरी बूट. सहा हाताच्या वाफ्यात घोटाभर पाणी, त्यात ते उभे. भाऊ चिखलातून बांधापाशी आले, ओले हात बंडीला पुसले आणि फोनकडे बघत राहिले.

रॉयसाहेब बोलले. भाऊंनी माझ्याकडे बघितलं.

मी सांगितलं, म्हणतात, काल पहाटे पाऊस आला, मी उठलो, बूट दाराशीच होते.

आणि एवढंच म्हणाले, मी भाऊंना सांगितलं. यातला एक शब्दही मी गाळलेला नाही.